होतकरू

संघाच्या फॉर्मवर पाच रकाने असतात.
नाव, वय, उंची, वजन,
आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद : होतकरू आहे का?
मी तो कोराच पाठवतो.
वरून फोन येतो. मी म्हणतो, नवतपा तर सरू द्या.

हिंगणा रोडवरच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये
रात्री नऊलाही सिमेंट ताप सोडत नाही.
चाकं मऊ पडतात, वळणावर चिकटतात,
पोट्टे पडतात ते कोपरावर.
आयोडीनची बाटली मी आठवड्याला एक आणतो
आणि हिशेबात लिहितो : तेल.

बर्फ यांच्यापैकी कोणी पाहिलेला नाही,
गोळ्यातला सोडून.

म्हणून एकदा पहाटे चारला
कॉटन मार्केटमागच्या कारखान्यात नेलं सगळ्यांना.
निमजेंनी पंधरा लाद्या जोडून दिल्या तासाभरासाठी,
खाली तनस, बाजूला पोती.
पातीचे बूट दोनच जोड, दोन्ही आठ नंबर,
पुढे कापूस कोंबून घातले.
एकेकाला एक मिनिट.

अथांग मेश्राम, शेडमधला सगळ्यांत चपळ,
पहिल्याच पावलाला आडवा.
हसला. उठला. पुन्हा आडवा.
तन्झीलनं सांधा ओलांडला आणि ओरडला,
जशी काय कन्हान ओलांडली.
उन्नती धुर्वे बूट घालेचना.
उकिडवी बसून तळवा टेकवून राहिली
बधिर होईस्तोवर.
"सर, हे पाणीच ना?
मग याच्यावर धावाचं नंतर सांगा.
उभं कसं राहाचं, ते पह्यले सांगा."
मला सांगता आलं नाही.
तिचं ती उभी राहिली, गुडघे किंचित वाकवून,
पूर्ण मिनिट, जागची न हलता.
मागचे ओरडत होते, चाल ना बे, चाल ना.

सहाला लाद्या गाडीवर चढल्या.
त्या दुपारी बर्डीवर रसवाला
सुंभात गुंडाळलेला तुकडा फोडता फोडता थांबला असेल :
काहून बे, यात रेघा कशाच्या?

माझ्याही फॉर्मवर कोणीतरी लिहिलं होतं, हो.
निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारून.
एक हिवाळा बाकावर, दुसराही बाकावर,
तिसऱ्यात सात सामने आणि डावा गुडघा.
ज्यानं लिहिलं तो भला माणूस होता.
त्याला घाई होती, इतकंच.
गाडीत बसवून देताना म्हणाला, नाव काढशील.
अजून थंडी पडली की
गुडघा त्याचं नाव काढतो.

ऑगस्टात संघाचा माणूस आला, गळ्यात घड्याळ.
पाच दशांश आठ सेकंद, तो म्हणाला,
आणि अथांगकडे पाहिलं
कळमन्याच्या अडत्यानं ढिगाकडे पाहावं तसं,
वरच्या चार फळांवरून.
मी सांगितलं, अजून एक वर्ष राहू द्या माझ्याकडे,
वळताना तो अजून डोळे मिटतो.
तो म्हणाला, ते आमच्याकडे शिकेल.
अथांगच्या आईनं सही केली,
पगार किती, हे दोनदा विचारून.
उन्नतीकडे त्यानं पाहिलं नाही.
उभ्या माणसाची वेळ घड्याळात येत नाही.

जानेवारीत फोन आला, रात्री उशिरा.
पडद्यावर आधी नुसती वाफ, मग तिच्यामागे अथांग.
खेळवलं का, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
"सर, इथला बर्फ ओला नाही.
कोरडा आहे. पिठावानी.
आपल्या लाद्या वेगळ्याच होत्या."
मग आवाज तुटला, त्याचा की लाइनचा, कळलं नाही.

शेडमध्ये अकरा पोरं आहेत यंदा, दोन नवी.
उन्नती त्यांना जागेवर उभं करते
आणि आकडे मोजते.
एकजण आताच साठला हलला.
ती पुन्हा एकपासून मोजते आहे.

फॉर्म समोर आहे. पेन काळ्या शाईचं.
तिच्या रकान्यात मी लिहितो : उभी राहते.
ते वाचून वरचा साहेब फोन करेल, वैतागून.
करू दे.